वर्षभरात सापडलेले पिक्चर डिसेंबरात एकमेकांना सांगायचे कसे: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी आठ-दहा जण जमतात आणि प्रत्येक जण त्या वर्षात आपल्याला सापडलेले पिक्चर सांगतो. सापडलेले म्हणजे नवे रिलीज झालेले नव्हेत, 1936 चा असू दे की 2015 चा, तुम्ही तो यंदा पहिल्यांदा बघितला आणि तो डोक्यातून जाईना, की तो तुमचा. यंदाच्या बैठकीनंतर तिघांनी विचारलं की आम्हाला पण आमच्या बिल्डिंगीत हे चालू करायचंय, कसं करायचं ते सांगा, फोनवर सांगून सांगून थकले म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतेय.

आधी ठरवा, काय धरायचं

आमच्याकडं असं आहे: पिक्चर निदान दोन वर्षं जुना पाहिजे, तुम्ही तो पहिल्यांदा बघितलेला पाहिजे आणि पूर्ण बघितलेला पाहिजे. दोन वर्षांची अट अशासाठी की नव्या पिक्चरबद्दल सगळे वर्षभर बोलतच असतात, तेच परत डिसेंबरात कशाला. लहानपणी रविवारी संध्याकाळी टीव्हीवर अर्धा बघून झोपी गेलेला पिक्चर आता मोठेपणी पूर्ण बघितला तर तो आम्ही नवा धरतो, यावरून एकदा खूप वाद झालेला पण माझं मत ठाम आहे, आठ वर्षांच्या पोरानं अर्धा ‘सामना’ बघितला याला बघणं म्हणत नाहीत. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बघितलेल्यांसाठी वहीत मागं वेगळं पान ठेवा, त्यांचा मान वेगळा.

पिक्चरचं वर्ष लिहिताना नवीन लोक गोंधळतात. ‘कोर्ट’चंच बघा, व्हेनिसच्या महोत्सवात तो 2014 ला दाखवला आणि आपल्याकडं थिएटरला लागला 2015 मध्ये, त्यामुळं एका ठिकाणी एक वर्ष दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं. कुठलंही एक धरा आणि सगळीकडं तेच धरा, यात जास्त वेळ घालवू नका.

वही घाला, आणि त्याच रात्री लिहा

माझ्या वडिलांना पिक्चरचं वेड होतं. सोलापूरच्या भागवत थिएटरला बघितलेल्या पिक्चरची तिकिटं ते एका डायरीत डिंकानं चिकटवून ठेवायचे, ती डायरी अजून माझ्याकडं आहे, चाळीसेक तिकिटं आहेत, पातळ कागद, फिका गुलाबी नाहीतर पिवळा रंग, त्यावर वर्ग छापलाय, दर छापलाय, शिक्का आहे, आणि पिक्चरचं नाव एकावरही नाही. तेव्हाच्या तिकिटावर ते नसायचंच. वडील गेले, आता ते चाळीस पिक्चर कुठले होते ते कुणालाच सांगता येणार नाही. ती डायरी हातात आली त्या आठवड्यात मी वही घातली.

वहीत जास्त काही लागत नाही. तारीख, पिक्चरचं नाव, वर्ष, भाषा, दिग्दर्शक, कुठं बघितला, कुणाबरोबर बघितला, आणि एक वाक्य. ते वाक्य ‘छान आहे’ किंवा ‘अप्रतिम’ असं नको, सहा महिन्यांनी ते वाचून तुम्हाला काहीच आठवणार नाही, काय दिसलं ते लिहा. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

*14 मे. मंथन, 1976, हिंदी, श्याम बेनेगल. दुपारी घरी, आईबरोबर. भोला सोसायटीत यायला तयारच होत नाही, त्याचा राग आधी कळत नाही मग एकदम कळतो. आई म्हणाली आमच्या गावात दुधाची रांग अशीच लागायची.*

झालं, तीन मिनिटं लागतात. पण त्याच रात्री लिहा, सकाळी लिहू म्हणलं की राहिलंच. वही न घालता केलेलं पहिलं वर्ष मला आठवतंय, डिसेंबरात बसले तर सातच पिक्चर आठवले आणि सातही दिवाळीनंतरचे होते, उन्हाळ्यात बघितलेले सगळे गेले.

वही नको वाटत असेल तर लेटरबॉक्स्ड म्हणून ॲप आहे, त्यात तारखेप्रमाणे डायरी ठेवता येते आणि पहिल्यांदा बघितला की परत बघितला तेही नोंदवता येतं. आमच्यातली तरुण पोरं तेच वापरतात. कुणाबरोबर बघितला आणि शेजारी बसलेलं माणूस काय बोललं हे मात्र तिथंही आठवणीनं लिहा, बैठकीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

शोधायचं कसं

नवीन लोक ‘मरण्याआधी बघावेत असे शंभर पिक्चर’ छापाची यादी काढून एक नंबरपासून सुरू करतात आणि चौथ्या-पाचव्याला दमतात. त्यापेक्षा तुम्हाला आवडलेला एक पिक्चर घ्या आणि त्यातल्या एका माणसाचा पदर धरून चालायला लागा. हिरो-हिरोइनचा पदर सगळेच धरतात, तुम्ही लेखकाचा धरून बघा.

म्हणजे समजा तुम्हाला ‘सिंहासन’ आवडला. 1979 चा, जब्बार पटेलांचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. आता तेंडुलकर धरा. त्यांनीच जब्बार पटेलांसाठी ‘सामना’ लिहिला आणि 1982 चा ‘उंबरठा’ लिहिला, हे आपल्याला माहीत असतं. पण बेनेगलांच्या ‘निशांत’ची आणि ‘मंथन’ची पटकथा त्यांचीच, गोविंद निहलानींच्या 1980 च्या ‘आक्रोश’ची आणि 1983 च्या ‘अर्धसत्य’ची पण त्यांचीच, हे मला चाळिशीत कळलं. एका लेखकाच्या मागं लागून माझा एक अख्खा उन्हाळा गेला आणि प्रत्येक पिक्चरमध्ये सत्ता कुणाच्या हातात आहे आणि गप्प कोण बसलंय हे मी वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. ‘मंथन’ सुरू होताना तो गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी सादर केलाय असं येतं, प्रत्येकानं दोन-दोन रुपये घातलेले. ते वाचून आई टीव्ही थांबवायला लावून म्हणाली परत दाखव.

‘उंबरठा’त स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम गिरीश कार्नाडांचं आहे. आता हा दुसरा पदर. कार्नाड धरले की तुम्ही कन्नडमध्ये जाता, 1970 चा ‘संस्कार’, पट्टाभिराम रेड्डींचा, त्यात ते प्राणेशाचार्य आहेत. हा पिक्चर सेन्सॉरनं आधी अडवला होता आणि पुढं त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ‘संस्कार’ची कादंबरी यू. आर. अनंतमूर्तींची. त्यांच्याच कथेवर गिरीश कासारवल्लींनी 1977 ला ‘घटश्राद्ध’ केला, त्यांचा पहिलाच मोठा पिक्चर आणि त्यालाही सुवर्णकमळ. वेदपाठशाळेतलं एक लहान पोरगं आणि एक तरुण विधवा, एवढ्यावर आहे तो, आणि त्या पोराला अर्धंच कळतंय हे आपल्याला दिसत राहतं. कुठं ‘सिंहासन’मधलं मंत्रालय आणि कुठं ते पोरगं, पण पायऱ्या मोजल्या तर चारच आहेत.

सोलापुरात असाल तर शेजाऱ्यांना विचारा

हे मी पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना नेहमी सांगते की आमच्याकडं जे आहे ते तुमच्याकडं नाही. आपल्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू, चारही भाषा एका नळावर बोलल्या जातात. तरी आपण मराठी माणसं हिंदीच्या पलीकडं जायला सबटायटल शोधत बसतो आणि भिंतीपलीकडच्या माणसाला विचारत नाही.

माझ्या शेजारच्या अक्का पद्मशाली, माहेर-सासर दोन्ही विणकराचं, आता सत्तरीच्या पुढं आहेत. मी त्यांना सरळ विचारलं, तुमच्या लहानपणी घरातल्या सगळ्यांनी मिळून बघितलेला पिक्चर कुठला. क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘मायाबझार’. 1957 चा, तेलुगू, के. व्ही. रेड्डींचा. गोष्ट आपलीच आहे, अभिमन्यू आणि बलरामाची पोरगी, आपल्याकडं वत्सलाहरण म्हणतात ते, तिकडं तिचं नाव शशिरेखा. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच लग्नाच्या जेवणाची ताटं एकट्यानं फस्त करतो तो सीन आला तेव्हा अक्का पुढचा पदार्थ यायच्या आधीच त्याचं नाव सांगत होत्या. आणि सावित्री! घटोत्कच शशिरेखेचं रूप घेऊन बसतो, म्हणजे सावित्रीनं पोरीच्या अंगात राक्षस दाखवायचा, चालायची ऐट बदलते, नजर बदलते, मी तोंडावर हात ठेवून बघत होते. सबटायटल होते पण मी वाचलेच नाहीत, अक्का शेजारी बसून मराठीत सांगत होत्या, मध्येच स्वतः हसायला लागायच्या आणि सांगायचं राहायचं. त्या वर्षी माझा एक नंबर तोच होता.

तर प्रश्न असा विचारा. ‘चांगला पिक्चर सांगा’ म्हणलं की माणसं अडखळतात, त्यांना वाटतं आपली परीक्षा चाललीय. ‘घरातल्या सगळ्यांनी मिळून बघितलेला’ किंवा ‘बघून आल्यावर रात्री झोप लागली नाही असा’ विचारलं की लगेच उत्तर येतं.

आपल्या गावाचा धागा धरायचा असेल तर तेही करता येतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, 1938 ला चीनला गेले आणि 1942 ला तिथंच वारले, त्यांच्यावरचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 चा, व्ही. शांतारामांनी काढला आणि कोटणीसांचं काम पण स्वतःच केलं. शाळेत आपण सगळ्यांनी कोटणीसांवर निबंध लिहिलाय पण हा पिक्चर किती जणांनी बघितलाय विचारा. अभिनेत्री शशिकला जन्मानं सोलापूरच्या, खाष्ट बाई म्हणूनच सगळ्यांना आठवतात, म्हणून आधी बिमल रॉयच्या ‘सुजाता’त बघा, 1959 चा, त्यात त्या किती मोकळ्या आणि हसऱ्या आहेत, आणि मग ‘आरती’ बघा. आणि नागराज मंजुळे करमाळ्याच्या जेऊरचे, त्यांचे पुढचे पिक्चर सगळ्यांनी बघितलेत पण आधीची ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म राहून गेलेली असते.

कुठं बघायचं यावर एकच सांगते, यूट्यूबवर दिसला की लगेच लावू नका, आधी चॅनल कुणाचं आहे बघा. कंपनीचं किंवा सरकारी चॅनल असेल तर प्रिंट बरी असते आणि पिक्चर पूर्ण असतो. कुणीतरी चोरून टाकलेल्यात शेवटचे दहा मिनिट गायब, मध्येच जाहिरातीचा पट्टा, आवाज मागं-पुढं. असा बघून तुम्ही तो पिक्चर यादीतून काढून टाकाल आणि दोष पिक्चरचा नसेल.

बघायच्या आधी टीव्हीची पाच मिनिटं

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जुने पिक्चर जवळजवळ चौकोनी असतात, आपला टीव्ही आडवा, त्यामुळं दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात. ते पट्टे राहू द्या. घरात कुणीतरी रिमोट घेऊन वाइड नाहीतर झूम करतंच, मग माणसं बुटकी-जाड दिसतात नाहीतर डोकी छाटली जातात. दुसरं, पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमनं काढलेला असतो आणि नवे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनानं घालतात, त्यामुळं 1955 चा पिक्चर पण सिरीयलसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. सेटिंगमध्ये पिक्चरच्या खाली मोशन म्हणून काहीतरी असतं, कंपनीप्रमाणं नाव वेगळं, ते बंद करा आणि मोड सिनेमा ठेवा. सुरुवातीला अंधारलेलं वाटेल, दहा मिनिटांत डोळे बसतात.

डब केलेला घेऊ नका, मूळ भाषेतला घ्या. फोन दुसऱ्या खोलीत. आणि आपल्याकडं एप्रिल-मेत पारा 42-43 ला जातो, दुपारी बाहेर पाय टाकता येत नाही, तेव्हा जाड पडदे ओढा, सोलापुरी चादर खिडकीला लावली तरी चालते, खोली थंड पण होते आणि थिएटरसारखा अंधार पण होतो. माझे निम्मे शोध उन्हाळ्यातल्या दुपारचे आहेत.

डिसेंबरात निवड

दहा तारखेच्या आसपास वही काढा. वही न उघडता आधी एका कागदावर आठवतील ते लिहा, मग वही उघडून दोन्ही जुळवा. ज्याला तुम्ही तेव्हा भरभरून लिहिलेलं आणि आज आठवलाच नाही, तो बाजूला. आणि ज्याबद्दल एकच ओळ लिहिलेली, कदाचित वैतागून लिहिलेली, पण सीन आजही डोळ्यापुढं येतोय, तो घ्या. माझं ‘घटश्राद्ध’चं तसंच झालं, त्या रात्री ‘फार हळू चालतो’ एवढंच लिहिलेलं.

पाचच निवडा. पहिल्या वर्षी जास्त बघितलेले नसतील तर तीन पण पुष्कळ झाले. मोठं नाव आहे म्हणून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. जगातल्या सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला पिक्चर तुम्हाला आवडला नसेल तर तो यादीत नको, पुढं कधीतरी परत बघा. मार्क, स्टार काही देऊ नका, त्यामुळं बैठकीत चर्चा साडेतीन का चार यावर जाते आणि पिक्चर राहतो बाजूला.

बैठक

आठ-दहा माणसं बास. जास्त झाली की शेवटच्याच्या वेळेला अर्धी माणसं घड्याळ बघत असतात. आम्ही चारला सुरू करतो, प्रत्येकाला दहा मिनिटं, मध्ये खायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वर कांदा, हे आधी करून ठेवता येतं आणि कुणी स्वयंपाकघरात अडकत नाही. घरातली बाई आत राबतेय आणि बाकीचे सिनेमावर बोलतायत असलं आमच्याकडं चालत नाही, पहिल्याच वर्षी ठरवलं.

तसंच ‘हा? हा तर मी कधीच बघितलाय’ असं म्हणायचं नाही. एकदा एका नव्या मुलीनं फार आनंदानं सांगायला सुरू केलेलं आणि कुणीतरी हे वाक्य टाकलं, ती पुढं बोललीच नाही, त्यानंतर आलीच नाही. मला अजून वाईट वाटतंय.

सांगायचं कसं, तर गोष्ट सगळी सांगू नका, शेवट तर नाहीच. एक सीन सांगा, तो तुम्हाला का लागला ते सांगा, कसा सापडला ते सांगा आणि कुणी बघावा ते सांगा, कुणी बघू नये तेही. आमच्यात एक काका आहेत, गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं हाताला काम नव्हतं. ते पहिल्यांदा आले तेव्हा मला सिनेमातलं काही कळत नाही म्हणून गप्प बसलेले. दुसऱ्या वर्षी भाच्यानं दाखवलेला ‘बायसिकल थीव्ज’ त्यांनी सांगितला, 1948 चा, इटलीचा. त्यांचं सांगणं आठवेल तसं लिहिते:

“भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळालंय त्या माणसाला, पण अट एकच, सायकल पाहिजे. घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणतात. तो गहाणवाला त्या चादरींचं गाठोडं घेऊन वर चढतो, वर, अजून वर, सगळ्या गावाच्या चादरी ठेवलेल्या तिथं. मी चादरीच्या गावचा माणूस आहे हो, मला तिथंच रडू आलं. पुढं सायकल चोरीला जाते, ते मी सांगत नाही. आणि तो बाप झालेला माणूस ॲक्टर नाही, खरा कारखान्यातला कामगार आहे, हे भाच्यानं नंतर सांगितलं, पण मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलेलं. लहान पोरांना घेऊन बघू नका, बापाकडं बघत राहतात.”

चार मिनिटं पण झाली नसतील. त्या आठवड्यात सहा जणांनी तो बघितला. नव्या माणसाला कसं बोलायचं विचारलं की मी काकांचं हेच सांगते.

क्लिप दाखवायच्या असतील तर दोन-तीन मिनिटांची एकच. घरात घरच्यांसारखं बसून बघणं वेगळं, पण हॉल घेऊन, बोर्ड लावून अख्खा पिक्चर दाखवायचा विचार असेल तर हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची परवानगी काढावी लागते, तिकीट ठेवा की फुकट दाखवा. आपल्या कायद्यात पिक्चरचे हक्क प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतात, त्यामुळं प्रभातचे 1930-40 च्या दशकातले पिक्चर त्यातून मोकळे झालेत, मोठं काही करायचं असेल तर तिथून सुरू करा.

कुणीतरी एकानं सगळ्यांचे पिक्चर एका कागदावर लिहून घ्यायचे, नाव, वर्ष, भाषा, कुणी सांगितला आणि कुठं बघायला मिळेल, आणि रात्रीच ग्रुपवर टाकायचे.

चिठ्ठ्या

यादी ग्रुपवर पडली की सगळे ‘मस्त’ म्हणतात आणि कुणी काही बघत नाही, दोन वर्षं आमचं असंच झालं. म्हणून आता उठायच्या आधी चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येकाचा एक नंबरचा पिक्चर एका चिठ्ठीवर, डब्यात घालून हलवायचं, प्रत्येकानं एक उचलायची, स्वतःचीच आली तर परत टाकायची. जो आला तो गड्डा, म्हणजे आमच्याकडची सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, भरायच्या आत बघायचा आणि ज्यानं सांगितलेला त्याला फोन करायचा, मेसेज नाही, फोन. संक्रांत म्हणजे जेमतेम पंधरा-वीस दिवस मिळतात, तेवढे बास होतात, महिना दिला की माणसं विसरतात.

यंदा अक्का पहिल्यांदाच बैठकीला आल्या. त्यांच्या चिठ्ठीत ‘संत तुकाराम’ आला, 1936 चा, दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांचा. मराठी त्या आपल्यासारखीच बोलतात, पण अभंगातले जुने शब्द कळायचे नाहीत म्हणाल्या, तू शेजारी बसून सांग. रविवारी चारला जायचंय.